आरती म्हणताना जीभ अडखळत नाही

गणपतीच्या दहा दिवसांत अनेक घरांत एक गोष्ट घडते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. "नाव काय रे तुझं?" असं पाहुण्यांनी विचारल्यावर ज्याचे ओठ मिटून राहतात, मान ताठते, डोळे गच्च बंद होतात आणि शेवटी ज्याचं नाव आईच सांगून टाकते, तोच मुलगा पाच मिनिटांनी टाळ्या वाजवत चार आरत्या लागोपाठ म्हणतो. मंत्रपुष्पांजलीतली जोडाक्षरं भल्याभल्यांना दमवतात; हा तीही सगळ्यांच्या बरोबरीनं म्हणतो, एकदाही न अडखळता. प्रसाद वाटताना आजोबा विचारतात, "मोदक देऊ का पेढा?" आणि 'मोदक'मधला 'मो' पुन्हा ओठांतच अडकून बसतो.

जीभ जड असती, टाळूत काही दोष असता किंवा श्वास अपुरा पडत असता, तर त्या अडचणीनं आरतीपुरती रजा घेतली नसती. तोतरेपणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाच्या सोबतीनं एकच मजकूर मोठ्यानं वाचायला दिला, की बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. गाताना तसंच. ठेक्यावर एकेक अक्षर म्हणताना, कुजबुजताना, एकट्यानं स्वतःशी बोलताना, मांजराशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलताना ते पुष्कळ कमी होतं. उलट काही ठिकाणी ते हटकून वाढतं. फोनवर, वर्गात हजेरी देताना, मुलाखतीत, कंडक्टर समोर येऊन उभा राहिल्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचं नाव सांगताना. 'पाणी' अडलं तर माणूस 'प्यायला दे जरा' म्हणून सुटका करून घेतो. नावाच्या बाबतीत ती पळवाट नसते.

एवढं ध्यानात आलं की घरगुती उपायांची बरीचशी यादी आपोआप बाद होते. जिभेला वेखंड लावणं, पोपटाचं उष्टं फळ भरवणं, तोंडात खडे धरून बोलायला लावणं, जिभेखालचा पडदा कापून आणणं. खड्यांची गोष्ट ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या ग्रीक वक्त्याची, डेमॉस्थेनिसची. तिचा उपाय म्हणून उपयोग नाही, आणि खडा श्वासनलिकेत गेला तर जिवाशी खेळ. चिकटलेल्या जिभेचा पडदा कापावा लागतो तो बाळाला अंगावर पिताना अडचण येते म्हणून. तोतरेपणाशी त्याचा काही संबंध नाही. पण जिभेवरचा हा राग जुना आहे. 1841 साली बर्लिनचे नावाजलेले शल्यविशारद योहान फ्रीडरिश डीफेनबाख यांनी तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळातून पाचरीसारखा तुकडा कापून काढायला सुरुवात केली. भूल देण्याचं शास्त्र तेव्हा अजून यायचं होतं. तरीही युरोपात इतर शल्यविशारदांनी त्यांचा कित्ता गिरवला. काही काळात ती लाट ओसरली. तोतरेपणा होता तिथेच राहिला.

तोतरं बोलणं आणि बोबडं बोलणं यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. 'कमीने' या 2009 च्या हिंदी चित्रपटात शाहिद कपूरनं जुळ्या भावांच्या दोन भूमिका केल्या होत्या. एक भाऊ 'स'च्या जागी 'फ' म्हणतो, दुसरा अडखळतो. पहिला बोबडा, दुसरा तोतरा, आणि दोघांवरचे उपचार पूर्ण वेगळे. तोतऱ्या माणसाला उच्चार येत असतो. काय म्हणायचं तेही त्याला नेमकं माहीत असतं. आवाज पुढं सरकत नाही. कधी पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, 'का-का-काकू'. कधी ते लांबतं, 'सऽऽऽसकाळी'. आणि कधी तोंड उघडं, गळा आवळलेला, पण आवाजच नाही. हा तिसरा प्रकार ऐकणाऱ्याला सर्वांत कमी कळतो आणि बोलणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो. त्यातून सुटायला म्हणून मग पाय आपटणं, मांडीवर थाप मारणं, डोळे मिचकावणं अशा सवयी जडतात. बोलताना 'म्हणजे', 'ते आपलं' करत राहणं याला तोतरेपणा म्हणत नाहीत. नाहीतर निम्मे पुढारी उपचारांना न्यावे लागले असते.

अडखळणं बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं. मूल दोन शब्दांची वाक्यं सोडून मोठी वाक्यं जोडायला लागतं तो हा काळ. साधारण शंभरातली पाच मुलं कधी ना कधी या टप्प्यातून जातात आणि त्यांतली चारपैकी तीन पुढं सहज बोलायला लागतात. मोठ्या माणसांत प्रमाण सुमारे 1 टक्का धरलं जातं. 2011 च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 23 लाख. त्या हिशेबानं आपल्या राज्यात तोतरं बोलणाऱ्यांची संख्या दहा-अकरा लाखांच्या घरात जाते. लहानपणी मुलींपेक्षा मुलगे साधारण दुप्पट असतात. मोठेपणी हे प्रमाण चारास एक होतं, कारण मुली जास्त संख्येनं आपोआप बऱ्या होतात.

मग बिघाड कुठं आहे? मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली आहे. डाव्या मेंदूत ऐकण्याचे आणि बोलण्याच्या हालचालींचे भाग जोडणारे तंतू तोतऱ्या माणसांत काहीसे कमी सुसंघटित असतात, आणि हा फरक लहान मुलांतही आढळतो. मेंदूच्या आत खोलवर असलेले काही केंद्र-समूह एका ध्वनीनंतर दुसरा केव्हा सुरू करायचा याचा इशारा देतात. तो इशारा वेळेवर मिळत नाही, असं आज बहुसंख्य संशोधक मानतात. गवयाला पुढची जागा येत असते, पण समेचा अंदाज चुकतो, तशी ही अवस्था. तबला वाजायला लागला, म्हणजेच ठेका बाहेरून मिळाला, की गाडी रुळावर येते. आरतीचं कोडं पुष्कळसं इथं सुटतं. टाळ, सूर आणि भोवतीचे वीस आवाज मिळून मुलाला हवा तो इशारा देत असतात.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आधीच दिसलं होतं. 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डेनिस ड्रेना आणि त्यांचे सहकारी यांनी तोतरेपणाशी जोडलेली तीन जनुकं प्रसिद्ध केली. त्या शोधाचा धागा पाकिस्तानातल्या काही कुटुंबांकडून मिळाला होता. तिथं नात्यात लग्नं होतात आणि एकेका घरात तोतरं बोलणारी अनेक माणसं सापडली. ही जनुकं पेशीतला टाकाऊ माल मोडून पुन्हा वापरात आणण्याच्या व्यवस्थेशी संबंधित निघाली, हे खुद्द संशोधकांनाही अनपेक्षित होतं. सगळ्यांच्या तोतरेपणाचा उलगडा या तीन जनुकांनी होत नाही. पण आई रागावली म्हणून, कुत्रा अंगावर आला म्हणून, मित्राची नक्कल केली म्हणून मूल तोतरं झालं, ही घराघरांतली न्यायनिवाड्याची पद्धत थांबवायला एवढं पुरेसं आहे. भीती ही अडखळण्याच्या मागून येते.

आता उपचारांकडे. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याच्या एका सिद्धान्तानं कित्येक वर्षं आईबापांचे हात बांधून ठेवले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांचं म्हणणं असं, की तोतरेपणा मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, आईबापांच्या कानात सुरू होतो. सगळीच मुलं थोडीफार अडखळतात. घाबरट पालक त्याला 'तोतरेपणा' असं नाव देतात, मूल सावध होतं आणि खरोखर अडखळायला लागतं. हे तपासण्यासाठी 1939 मध्ये जॉन्सन यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिनं डेव्हनपोर्ट गावच्या अनाथाश्रमातली 22 मुलं निवडली. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना ती महिनोन्‌महिने सांगत राहिली, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलू नका. मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. वर्गात उत्तरं देईनाशी झाली, आणि काहींनी तो संकोच जन्मभर वागवला. प्रयोगाचा अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. 2001 मध्ये एका वर्तमानपत्रानं तो बाहेर काढल्यावर विद्यापीठानं माफी मागितली आणि 2007 मध्ये आयोवा राज्यानं सहा दाव्यांपोटी 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई मान्य केली.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, प्रयोगातून सिद्धान्त सिद्ध झाला नाही तरी सल्ला मात्र जगभर पसरला. 'मुलापुढे विषयच काढू नका, दुर्लक्ष करा, मोठा झाला की जाईल.' आपल्याकडचे कितीतरी फॅमिली डॉक्टर आजही हेच सांगतात. चारांतल्या तीन मुलांच्या बाबतीत हा सल्ला खरा ठरतो, म्हणून तो टिकून आहे. चौथ्या मुलाचं काय, हे त्यात कुणी विचारत नाही.

या दुर्लक्षाला छेद दिला ऑस्ट्रेलियानं. सिडनीच्या लिडकम नावाच्या उपनगरात मार्क ऑन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत जायच्या वयाआधीच्या लहान मुलांसाठी एक उपचारपद्धती बसवली, तिला त्या उपनगराचंच नाव मिळालं. यात उपचार करते ती आई किंवा बाप. थेरपिस्ट त्यांना शिकवतो. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाशी निवांत खेळायचं, चित्रांचं पुस्तक बघायचं, आणि त्यात मूल सहज बोललं की ते मोकळेपणानं सांगायचं, "वा, किती छान सरळ बोललास!" अशा दादीच्या मानानं अगदी क्वचित, हलक्या आवाजात, "इथं जरासं अडखळलं वाटतं, पुन्हा म्हणतोस?" रोज रात्री पालकांनी 0 ते 9 मधला एक आकडा वहीत टिपायचा. 0 म्हणजे अडखळणं नाही, 9 म्हणजे फार जास्त. आठवड्याच्या भेटीत थेरपिस्ट ती वही पाहतो, मुलाचं बोलणं मोजतो आणि पुढचं ठरवतो. अडखळणं जवळपास संपलं की भेटी लगेच बंद करत नाहीत, हळूहळू विरळ करतात.

ऐकायला हे इतकं साधं वाटतं की त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून 2005 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेली न्यूझीलंडमधली चाचणी महत्त्वाची ठरते. 54 मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, एका गटाला ही पद्धत आणि दुसऱ्याला नेहमीप्रमाणे वाट पाहणं. नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्या गटात शंभर अक्षरांमागे सरासरी दीड वेळा अडखळणं उरलं होतं, दुसऱ्या गटात जवळजवळ चार वेळा. आपोआप बरं होण्याचा वाटा दोन्ही गटांत सारखाच असणार. वरचा फरक हा उपचाराचा.

मराठी घरात ही पद्धत नेताना दोन अडचणी येतात असं मला वाटतं. एक म्हणजे मुलाला तोंडावर शाबासकी देणं आपल्याला जमत नाही. दृष्ट लागेल, शेफारेल, या धाकानं आपण कौतुक शेजाऱ्यांजवळ करतो आणि सूचना मात्र मुलाला करतो. इथं प्रमाण नेमकं उलटं हवं. दुसरी, घरात आजी-आजोबा, काका, आत्या असले की प्रत्येकजण थेरपिस्ट होतो. 'हळू बोल', 'आधी विचार कर', 'श्वास घे', 'पुन्हा म्हण पाहू'. या सूचना प्रेमापोटीच असतात, पण दिवसभर चहूकडून आल्या की मूल तोंड उघडायलाच धजत नाही. काम एकानं करायचं, ठरलेल्या वेळी करायचं, आणि बाकीच्यांनी मूल काय म्हणतंय ते ऐकायचं.

लहान मुलांसाठी दुसराही मार्ग आहे. त्यात मुलाच्या अडखळण्याला हातच लावत नाहीत. भोवतालचा बोलण्याचा वेग बदलतात. आईबापांनी स्वतः सावकाश बोलायचं, प्रश्नांची सरबत्ती थांबवायची, मुलाचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचं. लंडनच्या मायकेल पॅलिन केंद्रात पालकांना त्यांच्याच खेळण्या-बोलण्याचं चित्रीकरण दाखवून हे शिकवतात. या दोन मार्गांपैकी सरस कोणता, हा वाद बरीच वर्षं रंगला. नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षानंतर लिडकम पद्धतीतली 76.5 टक्के आणि दुसऱ्या पद्धतीतली 71.4 टक्के मुलं तोतरी उरली नव्हती. हा फरक निर्णायक नाही. थोडक्यात, घरच्यांना जी पद्धत रोज निभावता येईल ती धरावी.

थांबायचं किती, हा पालकांचा खरा प्रश्न असतो. अडखळणं सुरू होऊन सहा महिने झाले आणि ते कमी होत नसेल. घरात आणखी कुणी मोठेपणीही तोतरं असेल. सुरुवातच साडेतीन वर्षांनंतर झाली असेल. मूल बोलताना चेहरा ताणत असेल, किंवा 'मला बोलता येत नाही' म्हणून रडत असेल, तर थांबू नये. शेवटची खूण दिसली तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नये. नुसती तपासणी करून घेतल्यानं काही बिघडत नाही. एक गैरसमजही इथेच दूर करतो. इंग्रजी माध्यमात घातलेलं मूल अडखळायला लागलं की घरात मराठी बंद करा, असं काही शाळा सुचवतात. दोन भाषांमुळे तोतरेपणा जडतो याला भक्कम पुरावा नाही. ज्या भाषेत मूल आजीशी भांडतं ती भाषा काढून घेऊन त्याचं बोलणं सुधारेल, हा तर्कच विचित्र आहे.

मोठ्या मुलांची आणि प्रौढांची गोष्ट निराळी. सात-आठ वर्षांनंतर तोतरेपणा पूर्ण जाण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि हे जो थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सांगतो तो प्रामाणिक समजावा. उपचार व्यर्थ आहेत असा याचा अर्थ नाही. उद्दिष्ट बदलतं, इतकंच.

इथं दोन परंपरा आहेत. पहिली बोलण्याची घडणच बदलते. सुरुवातीला अतिशय संथ, स्वर ताणून, अक्षराला अक्षर जोडून बोलायचं. 'पुण्याला जायचंय' हे 'पुऽऽण्याऽऽलाऽऽ जाऽऽयचंऽऽय' असं. 'प', 'ब' म्हणताना ओठ नुसते टेकवायचे, दाबायचे नाहीत. 'आ'सारखा स्वर गळ्याला झटका न देता हलकेच सुरू करायचा. अशा बोलण्यात अडखळणं जवळजवळ होतच नाही. मग आठवड्या-आठवड्यानं वेग वाढवत नेहमीच्या बोलण्याजवळ यायचं. खोलीत हे उत्तम जमतं. जिना उतरून खाली रिक्षावाल्याशी बोलताना निम्मं विरतं, आणि शिवाय बोलणं यंत्रासारखं वाटतं अशी तक्रार असते. काहीजण अस्खलित पण कृत्रिम बोलण्यापेक्षा अडखळतं पण स्वतःचं बोलणं पसंत करतात, आणि मला त्यांचं पटतं. म्हणून चांगले थेरपिस्ट सराव खोलीबाहेर नेतात. औषधाच्या दुकानात, बँकेच्या खिडकीशी, अनोळखी माणसाला फोनवर.

दुसरी परंपरा चार्ल्स व्हॅन रायपर यांची. 1905 मध्ये मिशिगनमध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणी इतका तोतरा होता की एका शेतावर काम मिळवण्यासाठी त्यानं मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेतलं. त्याच भटकंतीत त्याला एक म्हातारा भेटला, तोही तोतरा, पण कसलीही ओढाताण न करता बोलणारा. शब्दांशी झुंजायची ताकद आता उरली नाही, म्हणून त्यांना आपले हळूच ओघळू देतो, अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हाताऱ्यानं सांगितल्याचं व्हॅन रायपर लिहितात. त्यावरून त्यांनी उपचारांची दिशाच उलटी केली. अडखळणं थांबवायचं नाही, सोपं करायचं. आधी आपण नेमके कुठं, कसे अडखळतो हे आरशात आणि ध्वनिमुद्रणात पाहायचं. बहुतेकांनी ते कधीच पाहिलेलं नसतं. मग दुकानात जाऊन मुद्दाम अडखळायचं. ऐकणारा हसतो का, कंटाळतो का, की नुसता सुटे पैसे मोजत राहतो, हे बघायचं. भीती पातळ झाली की तंत्र. शब्द अडला तर तो कसाबसा संपवून क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैल करून पुन्हा म्हणायचा. ते साधलं की अडलेल्या अवस्थेतच ताण सोडत शब्दातून बाहेर पडायचं. शेवटी अवघड शब्द येणार हे ओळखून त्यात आधीच सैलपणानं शिरायचं. 'मुद्दाम अडखळा' हे ऐकून पहिल्या दिवशी बहुतेकांना घाम फुटतो, आणि या परंपरेतला तोच सर्वांत मोलाचा व्यायाम आहे.

कारण तोतरेपणाचा मोठा भाग ऐकूच येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान, तेही तोतरेच, हिमनगाचं उदाहरण देत. ऐकू येणारं अडखळणं हे वरचं टोक. खाली लाज, भीती, टाळाटाळ. कोथरूडचं तिकीट मागता येईना म्हणून 'डेक्कन' म्हणून उतरणारा आणि उरलेलं अंतर चालत जाणारा माणूस कुणाला तोतरा वाटणार नाही. हॉटेलात हवं ते न मागता जे म्हणता येईल ते मागणारा, उत्तर येत असून तोंडी परीक्षेत 'माहीत नाही' म्हणणारा, प्रेझेंटेशन द्यावं लागेल म्हणून बढती नाकारणारा, स्थळ पाहायला आलेल्यांपुढं गप्प बसून शिष्ट ठरणारी, हे सगळे त्याच पाण्याखालचे. प्रौढांत समाजात मिसळण्याची तीव्र भीती बरीच आढळते, म्हणून आता उच्चारतंत्राबरोबर विचारांच्या सवयी बदलणारी मानसोपचारपद्धतीही दिली जाते. स्वमदत गटांचा उपयोगही इथंच. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे असे गट पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत भरतात. तिथं प्रत्येकजण आपलं नाव हवा तितका वेळ घेऊन सांगतो आणि कुणी ते त्याच्या तोंडून काढून घेत नाही.

'द किंग्ज स्पीच' चित्रपटामुळे अनेकांना ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज आणि लायनेल लोग ही जोडी माहीत झाली. लोग हे डॉक्टर नव्हते, ऑस्ट्रेलियातले वक्तृत्वशिक्षक. राजे, तेव्हाचे ड्यूक ऑफ यॉर्क, त्यांच्याकडे 1926 मध्ये गेले. चित्रपट पाहून राजे बरे झाले असा समज होतो. 3 सप्टेंबर 1939 च्या भाषणाचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं तर त्यांचे थांबे, घशातली ओढ स्पष्ट जाणवते. ते बरे झाले नव्हते. ते बोलले होते.

महाराष्ट्रात जायचं कुठं? मुंबईत वांद्र्याला 1983 पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही श्रवण आणि वाचादोषांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तसंच पालिकेच्या नायर रुग्णालयातला वाचा-उपचार विभाग. पुण्यात भारती विद्यापीठात वाचा-उपचारांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थाही आहे. खाजगी थेरपिस्टकडे जाताना त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारावं. ही व्यावसायिकांची कायदेशीर नोंदणी आहे आणि नोंदणी क्रमांक विचारणं यात अपमान कसला? एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. आयुष्यभर नीट बोललेला मोठा माणूस अचानक अडखळायला लागला तर आधी थेरपिस्ट नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तो पक्षाघात असू शकतो.

आणि जाहिराती. 'पंधरा दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद, खात्रीशीर.' तोतरेपणावर मान्यताप्राप्त असं एकही औषध आजमितीला नाही, आणि पंधरा दिवसांत येणारा अस्खलितपणा कुठल्याही नव्या तंत्रानं, अगदी मेट्रोनोमच्या ठेक्यावर बोलूनही, येतो. तो टिकत नाही. पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणार का, आणि खोलीबाहेरचा सराव करून घेणार का. दोन्हींची उत्तरं नकारार्थी असतील, तर ते पैसे आणि तो वेळ दुसऱ्या थेरपिस्टसाठी राखून ठेवा.